‘सरस्वतीचंद्र’ : ग्रंथातील शेवट आणि पडद्यावरील शेवट

लोकप्रिय कादंबरीचे पडद्यावरील रूपांतर हा विषय आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. मूळ कृती थोर असेल तर रूपांतर हा तिचा अवमान, आणि मूळ कृती सामान्य असेल तर रूपांतराची दखल तरी कशाला घ्यावयाची, अशी सोयीची भूमिका आपण पुष्कळ काळ घेत आलो. मीही ती घेत होतो. एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेने ती मला सोडावयास लावली, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग २०१४ सालचा आहे. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांची भाषिक स्थिती जरा विलक्षण. कापडधंद्याच्या निमित्ताने आलेल्या खानदेशी कुटुंबांतील मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, रस्त्यावर गुजराती ऐकतात आणि संध्याकाळी पडद्यासमोर बसून हिंदीत हसतात नि रडतात. आमच्या मुलांना गुजराती हा विषय असतोच. नववीच्या परीक्षेत ‘माझे आवडते पात्र’ असा निबंध विचारला होता. एका मुलीने गोवर्धनराम त्रिपाठींच्या ‘सरस्वतीचंद्र’मधील कुमुदवर चांगली दीड पाने लिहिली, आणि शेवटी लिहिले की, पुष्कळ दुःखे सोसून अखेरीस सरस्वतीचंद्र आणि कुमुद यांचे लग्न झाले. गुजरातीच्या शिक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली व गुण कापले. मुलगी उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. “सर, मी रोज बघितलंय, लग्न झालंय,” असे तिचे म्हणणे. पुस्तकात तसे नाही, हे मी तिला सांगितले. त्यावर ती क्षणभर थांबली व म्हणाली, “मग पुस्तकात का नाही झालं?”

या ‘का’चे उत्तर मला देता आले नाही. देता आले नाही याचे खरे कारण असे की, ‘सरस्वतीचंद्र’चे पहिले दोन भाग मी महाविद्यालयात असताना वाचले होते, तिसरा चाळला होता, आणि चौथ्याला हात लावलेला नव्हता. सुरतेत जन्म काढलेल्या, शिक्षक म्हणविणाऱ्या माणसाने हे कबूल करणे लाजिरवाणे आहे. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी चौथा भाग वाचून काढला. पुढील विवेचन त्या वाचनातून आलेले आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी ग्रंथाची थोडी ओळख देणे अवश्य आहे. गोवर्धनराम माधवराम त्रिपाठी यांचा जन्म नडियादचा, १८५५ सालचा. वकिलीचा व्यवसाय त्यांनी मुंबईस केला; परंतु ठरावीक वयानंतर द्रव्यार्जन सोडून उरलेले आयुष्य सरस्वतीच्या सेवेला वाहावयाचे, असा संकल्प त्यांनी तरुणपणीच केला होता, आणि १८९८ साली ऐन भरात आलेली वकिली सोडून ते खरोखरच नडियादला परतले. १९०५ साली गुजराती साहित्य परिषदेचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९०७ साली ते वारले. ‘सरस्वतीचंद्र’चा पहिला भाग १८८७ साली निघाला आणि चौथा १९०१ साली. म्हणजे ज्या वाचकाने पहिला भाग विशीत वाचला, त्याला शेवट कळला तेव्हा तो पस्तिशीच्या घरात आला होता. रोज संध्याकाळी उद्याची उत्सुकता लावणाऱ्या आजच्या मालिकेची आपण थट्टा करतो खरी. परंतु कथेला मध्येच थांबवून वाचकाला तिष्ठत ठेवण्याची युक्ती त्या मानाने जुनीच म्हटली पाहिजे. फरक इतकाच की, त्या चौदा वर्षांत वाचक वाढला, लेखकही वाढला, आणि पहिल्या भागातील प्रणयकथा चौथ्या भागापर्यंत पोहोचता पोहोचता वेगळेच काही झाली.

कथासूत्र असे. मुंबईच्या श्रीमंत लक्ष्मीनंदनाचा विद्वान व भावनाशील मुलगा सरस्वतीचंद्र याचा वाङ्निश्चय रत्ननगरीचा प्रधान विद्याचतुर याची कन्या कुमुद हिच्याशी झाला आहे. दोघांत पत्रव्यवहार होतो, मने जुळतात. सावत्र आई गुमान हिच्या कारस्थानामुळे बापाचे मन कलुषित होते, बापाचा एक शब्द मुलाच्या वर्मी लागतो, आणि तो घर, संपत्ती व वाग्दत्त वधू या तिन्हींचा त्याग करून निघून जातो. त्याच्या या त्यागाची किंमत भरते कुमुद. तिचे लग्न घाईघाईने सुवर्णपूरच्या बुद्धिधनाचा मुलगा प्रमादधन याच्याशी लावून दिले जाते, आणि हा नवरा व्यसनी व दुर्वर्तनी निघतो. सरस्वतीचंद्र नवीनचंद्र या नावाने नेमका त्याच घरी आश्रयाला येतो. एका छपराखाली दोघेही, आणि बोलण्याची सोय नाही! पहिल्या भागातील हे ताण गोवर्धनरामांनी फार समर्थपणे रंगविले आहेत. पुढे दोघेही वेगवेगळ्या वाटांनी सुंदरगिरीवरील साधुसाध्वींच्या आश्रयाला येतात. प्रमादधन मरण पावतो. कुमुद विधवा होते. आता दोघांच्या आड माणूस कोणीच नाही, आड आहे ती रूढी. या ठिकाणी, जेथे कोणत्याही प्रणयकथेचा शेवट गोड व्हावा, तेथे कुमुद पुनर्विवाहाला नकार देते, आणि आपली धाकटी बहीण कुसुम हिच्याशी लग्न करण्यास सरस्वतीचंद्राला राजी करते.

दुसऱ्या व तिसऱ्या भागांबद्दल फार लिहीत नाही. एकत्र कुटुंबाचा पसारा ओढणारी गुणसुंदरी आणि देशी संस्थानांचे राज्यतंत्र हे त्यांचे विषय. आजच्या वाचकाला तिसरा भाग जड वाटतो, आणि मला तो अजूनही जड वाटतो, हे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे. मात्र गुणसुंदरीचा भाग आपल्याकडील शिक्षकांनी अवश्य वाचावा. स्वयंपाकघर, माजघर आणि जावाजावांची कुजबूज यांतून एका समंजस बाईचे आयुष्य कसे झिजते, याचे इतके बारीक चित्र त्या काळात हरिभाऊंखेरीज आपल्याकडे दुसऱ्या कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता मालिकेकडे वळू. ‘स्टार प्लस’ वाहिनीवर फेब्रुवारी २०१३ पासून सप्टेंबर २०१४ पर्यंत ही हिंदी मालिका चालली. तिच्यामागे नाव होते संजय लीला भन्साळी यांचे. गौतम रोडे यांनी सरस्वतीचंद्राची आणि जेनिफर विंगेट यांनी कुमुदची भूमिका केली. मालिकेचा नायक मुंबईचा नव्हे, दुबईचा आहे. त्याचे नावही लाडाने ‘सरस’ असे आखूड झाले आहे. या गोष्टींना मी दोष देणार नाही. गोवर्धनरामांच्या वाचकाला मुंबई जितकी दूरची व झगमगती वाटत असेल, तितकी आजच्या नडियादच्या वाचकाला दुबई वाटते. देशांतराच्या या बदलात रूपांतरकारांची जाण दिसते, असेच मी म्हणेन. वाडा, झरोके, दिवे, ओढण्या यांची मांडणी नेत्रसुखद होती. कुमुदची भूमिका करणाऱ्या नटीच्या डोळ्यांत पुष्कळ ठिकाणी मूळ कुमुदचा संकोच व तिचा मानीपणा उतरला होता, हेही कबूल केले पाहिजे. आमच्या गल्लीतील बायका हातातले काम टाकून ती मालिका पाहत. ज्यांना गोवर्धनराम हे नाव ठाऊक नव्हते, अशा शेकडो घरांत कुमुद हे नाव पोहोचले. एखाद्या ग्रंथाच्या वाट्याला सव्वाशे वर्षांनी असे भाग्य येणे ही लहान गोष्ट नव्हे.

तक्रार आहे ती शेवटाविषयी, आणि तीही शेवट बदलला म्हणून नव्हे. शेवट बदलण्याचा अधिकार रूपांतरकाराला असतो. कालिदासाने शकुंतलेची कथा महाभारतातून जशीच्या तशी उचलली नाही. शाप आणि मुद्रिका त्याने आणली, आणि आपण त्याबद्दल त्याचे ऋणी आहोत. बदलाने कथेतील प्रश्न अधिक तीव्र झाला की तो नाहीसाच झाला, एवढेच रूपांतराच्या बाबतीत विचारावयाचे असते.

मालिकेत काय घडते? कुमुदचे प्रमादशी लग्न होते, तिचा छळ होतो, पण तो विवाह मोडतो आणि पुढे ती सरस्वतीचंद्राची होते. वरवर पाहता हा शेवट गोवर्धनरामांच्या शेवटापेक्षा पुरोगामी आहे. दुःखी स्त्रीला सुख मिळाले, रूढीचा पराभव झाला, असे कोणीही म्हणेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले. परंतु जरा थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, मालिकेने कुमुदला रूढीवर मात करावयास लावलेलेच नाही; तिच्या वाटेतून रूढीच उचलून बाजूला ठेवली आहे. मूळ कथेतील कुमुद विधवा आहे. ‘विधवेने पुन्हा लग्न करावे काय?’ हा प्रश्न तिच्यापुढे, तिच्या आईबापांपुढे, गिरीवरील साध्वींपुढे आणि सरस्वतीचंद्रापुढे उभा राहतो, आणि त्यावर पानेच्या पाने चर्चा होते. मालिकेतील कुमुदला हा प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. मग तिने दिलेल्या उत्तराला सुधारणा कसे म्हणावे? परीक्षेत अवघड प्रश्न वगळून सोप्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी आणि ही मालिका यांत मला तरी फारसा भेद दिसत नाही.

हा प्रश्न गोवर्धनरामांच्या काळी किती ज्वलंत होता, याची साक्ष खुद्द सुरतेतच मिळते. १८४४ साली येथे मानवधर्म सभा स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले दुर्गाराम मेहताजी हे शिक्षक होते, आणि विधवाविवाहाचा विचार त्यांनी या शहरात बोलून दाखविला. (त्यांच्या व्यवसायातील एक म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे.) १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. १८६० साली सुरतेच्याच नर्मदाने मुंबईत वैष्णव महाराजांशी याच विषयावर वाद घातला. पुढे उतारवयात नर्मदाची मते पालटली, ही गोष्टही तितकीच खरी. तो १८८६ साली वारला आणि पुढच्याच वर्षी ‘सरस्वतीचंद्र’चा पहिला भाग बाहेर पडला. म्हणजे सुधारणेचा पहिला आवेश ओसरला आहे, कायदा झाला आहे, आणि घराच्या आत मात्र काहीच हललेले नाही, अशा वेळी हा ग्रंथ लिहिला गेला. आपल्याकडे याच सुमारास, १८९० पासून, हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह करून जातिबहिष्कार ओढवून घेतला. हरिभाऊंची यमू विधवा होते, तिचे केशवपन होते, आणि वाचकाच्या हातातले पुस्तक जड होते. हरिभाऊंनी यमूला पुनर्विवाह दिला नाही, पण तिच्या तोंडून असा आक्रोश केला की, वाचकाला रूढीचा तिटकारा यावा. गोवर्धनराम आक्रोश करीत नाहीत. ते कुमुदला समजूतदार करतात, इतकी की, तिचा नकार हा तिचा स्वतःचा निर्णय वाटावा. कलादृष्ट्या हे अधिक अवघड आहे. सामाजिकदृष्ट्या ते अधिक धोक्याचे आहे.

कारण कुमुदचा नकार खरोखर कोणाचा? चौथ्या भागात डोंगरावरच्या एकांतात दोघे भेटतात, परस्परांचे मन जाणतात, एकच स्वप्न दोघांना पडते, असे कल्पिले आहे. ती पाने वाचताना कुमुदचे प्रेम मावळलेले नाही हे वाचकाला क्षणोक्षणी जाणवते. तरीही ती म्हणते की, आपल्या विवाहाने आईबापांना लोकनिंदा सोसावी लागेल, आणि सरस्वतीचंद्राच्या हातून जे लोककार्य व्हावयाचे त्याला समाजाचा पाठिंबा राहणार नाही. हे युक्तिवाद त्या काळाच्या मापाने खरे आहेत, आणि गोवर्धनरामांनी त्यांना पुरेपूर बळ दिले आहे. पण त्यांत कुमुदचे स्वतःचे सुख हे एकच माप कोठे धरलेले नाही. ज्या स्त्रीने पहिल्या भागात एका रात्री आपल्या मनाशी झगडून प्रियकराच्या खोलीपासून पाय मागे घेतला, ती त्या वेळी जितकी जिवंत होती, तितकी ती चौथ्या भागातील उदात्त संभाषणांत राहिलेली नाही, असे माझे मत आहे. गोवर्धनरामांच्या भक्तांना ते रुचणार नाही याची मला जाणीव आहे.

तरीही ते प्रश्नाला सामोरे गेले आहेत. उत्तर आपल्याला पटो वा न पटो, ‘हे असे का?’ असे विचारण्याची सोय त्या ग्रंथाने ठेवलेली आहे. आमच्या विद्यार्थिनीने विचारलेला ‘का’ पुस्तकाला विचारता आला. मालिकेला तो विचारताच येत नाही. तेथे लग्न झाले, गाणे झाले, आणि पुढच्या आठवड्यात नवे संकट आले.

या संदर्भात १९६८ सालचा हिंदी चित्रपट आठवतो. गोविंद सरैया यांनी दिग्दर्शित केलेला हा ‘सरस्वतीचंद्र’ कृष्णधवल होता, आणि त्यात कुमुदची भूमिका नूतन यांनी केली. शोभना समर्थ यांची ही कन्या, तेव्हा ती आपलीच, असे म्हणण्याचा मोह मराठी माणसाला आवरत नाही! त्या चित्रपटाने चार भागांतील बहुतेक विस्तार गाळला, गाणी घातली, आणि कल्याणजी-आनंदजींच्या त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण शेवट त्याने मुळाप्रमाणे ठेवला. १९६८ साली विधवाविवाह ही काही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. निर्मात्यांना शेवट गोड करणे सहज शक्य होते. त्यांनी तो केला नाही, आणि प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. तेव्हा ‘लोकांना गोड शेवटच हवा असतो’ ही जी सबब नेहमी पुढे केली जाते, ती निदान या कथेच्या बाबतीत टिकत नाही.

मग मालिकेलाच ही गरज का पडली? मला वाटते, याचे कारण लोकांच्या आवडीत कमी आणि मालिकेच्या घडणीत अधिक आहे. चित्रपट अडीच-तीन तासांत संपतो. त्याला दुःखाचा शेवट परवडतो, कारण प्रेक्षक ते दुःख बरोबर घेऊन घरी जातो. दीड वर्ष रोज चालणारी मालिका प्रेक्षकाच्या घरातच मुक्कामाला असते. तिच्यातील नायक-नायिका एकत्र आले तरी कथा थांबविता येत नाही, आणि वेगळे झाले तर प्रेक्षक उठून जाईल ही भीती. म्हणून त्यांना जोडावयाचे, तोडावयाचे, पुन्हा जोडावयाचे, हेच मालिकेला भाग पडते. त्यागाला तेथे जागा नाही, कारण त्याग ही एकदाच करावयाची गोष्ट आहे.

आपल्या मराठीतील एका उदाहरणाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही १९६२ सालची कादंबरी, १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली, आणि घरोघर वाचली गेलेली. तिचे ऐतिहासिक अंग बाजूला ठेवले तर ती माधवराव आणि रमाबाई यांची प्रेमकथाच आहे, आणि तशीच ती वाचली जाते. दूरदर्शनवर तिची मालिका झाली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची ती जोडी अनेकांच्या मनात अजून आहे. परंतु ‘स्वामी’च्या शेवटाला हात लावण्याची मुभा कोणत्याही रूपांतरकाराला नव्हती, कारण थेऊर आणि १७७२ साल ही तेथे पहाऱ्यावर उभी आहेत. इतिहासाने जे राखले ते राखले. सरस्वतीचंद्र आणि कुमुद यांच्या कथेला असा पहारेकरी नाही. तिचा रखवालदार एकटा गोवर्धनराम, आणि तो १९०७ सालीच गेला. (‘स्वामी’तील सतीच्या प्रसंगाकडे आपण मराठी वाचक किती विनाप्रश्न, डोळे पुशीत पाहतो, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. गुजराती बांधवांच्या शेवटावर बोलताना आपले अंगण झाडलेले आहे असा माझा दावा नाही.)

आणखी एका पात्राविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. ते पात्र कुसुम. चौथा भाग वाचीपर्यंत मी तिला दुय्यम समजत होतो. मूळ ग्रंथातील कुसुम ही थोरल्या बहिणीचे हाल पाहून शहाणी झालेली, वाचनाची गोडी असलेली मुलगी आहे, आणि लग्न न करता कुमारी राहण्याची इच्छा ती बाळगते. १९०१ सालच्या गुजराती कादंबरीत अशी इच्छा एका कुलीन मुलीच्या मनात घालणे हे, माझ्या मते, विधवाविवाहाच्या चर्चेपेक्षाही धाडसाचे आहे. आणि मग याच मुलीला, बहिणीच्या आग्रहाखातर, बहिणीच्याच प्रियकराशी लग्न करावे लागते! कुमुदच्या त्यागाची वाचक वाहवा करतो. त्या त्यागात कुसुमच्या इच्छेचाही बळी गेला आहे, याची आठवण ग्रंथ फारशी ठेवीत नाही. गोवर्धनरामांच्या शेवटातील खरी जखम ही आहे, कुमुदचे न झालेले लग्न नव्हे.

मालिकेने कुमुदचा शेवट बदलला तेव्हा कुसुम आपोआप मोकळी झाली होती. तिला हवे तसे राहू देण्याची आयती संधी चालून आली होती. पण मालिकेनेही तिचे लग्नच लावून दिले, सरस्वतीचंद्राच्या सावत्र भावाशी. सव्वाशे वर्षांत कुमुदसाठी निदान दुसरा शेवट कोणाला सुचला. कुसुमसाठी तो अजून कोणाला सुचलेला नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या विद्यार्थिनीला मी बोलावून यांपैकी काही सांगितले. गुण मी वाढविले नाहीत. गुजरातीच्या शिक्षकांची लाल रेघ नियमाप्रमाणे बरोबर होती. कुमुदने नाही का म्हटले, हे तिने नीट ऐकून घेतले, पण तिला ते पटले नाही. नंतर मी कुसुमविषयी सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, “म्हणजे तिला कोणी विचारलंच नाही?” चौथा भाग मी तिला वाचावयास दिला. तो तिने दोन महिन्यांनी परत आणला. कुसुमच्या प्रकरणांत पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, त्या मी खोडलेल्या नाहीत.